न दिसणारा पंप : एका जुन्या येझदीच्या निमित्ताने

अंगणात उभी असलेली आमची जुनी येझदी पावसाळ्यानंतर सुरू होईना. टू-स्ट्रोक गाडीचा कोणताही मालक करील तेच आम्ही प्रथम केले, म्हणजे प्लग काढला. तो काजळीने माखलेला वा पेट्रोलने भिजलेला असता, तर प्रश्न तिथेच मिटता. परंतु तो कोरडा होता. इंजिनाला टेकवून किक मारताच ठिणगी स्वच्छ पडली. अर्थात पॉइंट व कंडेन्सर निर्दोष. कार्बोरेटरची वाटीही भरलेली. प्लगच्या भोकातून थोडे पेट्रोल ओतले, तेव्हा गाडी दोन-तीनदा धडधडली आणि पुन्हा गप्प झाली. वाटीतले पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचत नव्हते, हे यावरून उघड झाले. ते का पोहोचत नव्हते, हे समजण्यासाठी मात्र एकोणिसाव्या शतकात जावे लागते.

डुगाल्ड क्लार्कने १८८१ मध्ये पेटंट घेतलेल्या टू-स्ट्रोक इंजिनात मिश्रण भरण्यासाठी वेगळा सिलिंडर लागत असे. इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे याने १८९१ मध्ये तो काढून टाकला. पिस्टनखालची क्रँककेस हवाबंद केली, की तीच पंपाचे काम करते, हे त्याने दाखवले. पिस्टन वर जाताना खाली मिश्रण ओढले जाते. खाली येताना ते दाबले जाऊन बाजूच्या वाटेने सिलिंडरमध्ये चढते. व्हॉल्व्हची यंत्रणा उरली नाही. इंजिन हलके व स्वस्त झाले. त्याची किंमतही द्यावी लागली. क्रँककेसमध्ये वंगण साठवता येईना, म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागले. धूर, प्लगवरची काजळी, सायलेन्सरचे तुंबणे या सर्व व्याधींचे मूळ त्या सोयीत आहे.

जावा या चेकोस्लोव्हाक कंपनीच्या परवान्याने म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून हेच तत्त्व भारतीय रस्त्यांसाठी घडू लागले. १९७३ पासून त्या गाड्यांवर येझदी हे नाव आले. मोजक्या हत्यारांनी दुरुस्त होणारे हे यंत्र तालुक्याच्या गावीही नांदले.

आमच्या गाडीचे निदान अखेर एका वयस्क मेकॅनिकने केले. किक हाताने दाबून पाहत ते म्हणाले, “सर, खालून हवा घेतंय.” क्रँकशाफ्टचे ऑइल सील कडक होऊन चिरले होते. पंप हवाबंद राहिला नव्हता, म्हणून तो पेट्रोल ओढत नव्हता. डेच्या पेटंटाचे सार त्या तीन शब्दांत होते. ते त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेले नव्हते.

१९९६ व २००० मध्ये कडक झालेल्या प्रदूषण-निकषांनी टू-स्ट्रोकचा काळ संपवला. म्हैसूरचा कारखानाही १९९६ मध्येच बंद पडला. २०२२ मध्ये येझदी हे नाव परतले, तेही फोर-स्ट्रोक इंजिनासह. शहरांच्या हवेच्या दृष्टीने हे योग्यच झाले, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु कारखान्यांचा इतिहास कागदपत्रांत उरतो. ‘हवा घेणे’ यासारखी निदानाची भाषा मात्र ती बोलणाऱ्यांबरोबर जाते. बोलीभाषेचे शब्द वेचणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी एकदा गॅरेजमध्येही वही घेऊन बसावे, असे आम्हांस वाटते.

सील बदलले. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली.