जुनेराची गोष्ट



दशलक्षण पर्वाच्या आधी आमच्या महिला मंडळात एक विषय निघाला. घरोघरच्या चांगल्या स्थितीतल्या साड्या आणि कपडे गोळा करायचे, धुऊन-इस्त्री करून, थोडी दुरुस्ती करून कमी किमतीत विकायचे आणि आलेले पैसे गोशाळेला द्यायचे. कपडे द्यायला सगळ्या तयार झाल्या. मग एकीने विचारलं, "पण यातलं आपण स्वतः काही घ्यायचं का?" त्यावर मात्र कुजबुज सुरू झाली. "दुसऱ्याच्या अंगावरचं उतरलेलं आपण कसं घालायचं?" "लोक काय म्हणतील?"

त्या कुजबुजीला उत्तर द्यायचं म्हणून हा लेख. ते उत्तर आपल्याच बुलढाणा जिल्ह्याच्या आणि आपल्याच आजी-पणजींच्या इतिहासात आहे.

मराठीत एक सुंदर शब्द आहे, जुनेर. वापरून मऊ झालेलं, जुनं लुगडं. या शब्दात कमीपणा नाही, उलट माया आहे. तान्ह्या बाळाला पहिल्यांदा गुंडाळायचं ते जुनेरातच, कारण नव्या कापडाची खळ त्याच्या कातडीला बोचते. झबलं, दुपटं, कुंची हे सगळं जुनेराचंच. आपल्यातल्या बहुतेकींच्या अंगाला लागलेलं पहिलं कापड दुसऱ्या कुणीतरी वापरलेलं होतं. मग मोठेपणी त्याचा विटाळ कसा होतो?

आपल्या पणज्यांच्या काळी कापड महाग होतं आणि बाईजवळ लुगडी मोजकी असत. नऊवारी लुगडं आधी मधोमध विरतं, कारण बसण्या-उठण्याचा ताण तिथेच येतो. काठ आणि पदर मात्र धड राहतात. मग विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन लुगड्यांचे धड तुकडे जोडून एक करायचं. याला दंड घालणं म्हणत. जोड कुठे आला ते निऱ्यांत दिसू नये, काठाला काठ जुळावा, यात खरी हुशारी होती. दंड घातलेलं लुगडं नेसून शेतात जायचं आणि घरातही वावरायचं.

तेही विरलं की त्यातून मुलीचं परकर-पोलकं निघे, मग बाळाचं दुपटं, मग गोधडी. थरावर थर अंथरून कडेपासून आत आत धावदोरा घालत न्यायचा. गोधडी फाटली की आणखी एक जुनेर वरून चढवायचं. अगदी शेवटी पोतेरं. एका लुगड्याचा हा प्रवास पंधरा-वीस वर्षं सहज चाले. त्याला कुणी काटकसरीचं व्रत म्हटलं नाही. ती घर चालवण्याची रीत होती आणि त्यात आनंदही होता. माझ्या आजीच्या गोधडीत कुठलं ठिगळ कुणाच्या लुगड्याचं, हे ती अंधारात हात फिरवून सांगायची.

आता खामगावची गोष्ट. खामगावात १८२० च्या सुमारास व्यापाऱ्यांनी दुकानं थाटली. तूप, सूत आणि थोडा कापूस असा तो व्यापार होता. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगाव वऱ्हाडातली मोठी कापूसपेठ झाली. कापूस वाहून नेण्यासाठी जलंब ते खामगाव असा आठ मैलांचा खास रेल्वेफाटा घातला गेला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

आपल्या काळ्या मातीतला कापूस गाठी बांधून मुंबईला जाई, तिथून बोटीने इंग्लंडला आणि त्याच वाटेने मँचेस्टरचं कापड परत येई. कापूस आपला, कापड त्यांचं. गिरणीचं कापड हातमागापेक्षा स्वस्त पडे. विणकरांचे माग मागे पडू लागले. पुढे शिवणयंत्रंही आली. आधी परदेशी सिंगर, मग १९३० च्या दशकात कलकत्त्यात तयार होऊ लागलेली आपली उषा. घरातल्या बाईच्या हातात उसवण्याच्या कात्रीबरोबर यंत्रही आलं, तेव्हा जुन्यातून नवं करण्याचा वेग वाढला.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा टंचाई आली. १९४३ मध्ये सरकारने कापड आणि सुतावर नियंत्रण आणलं. पैसे असूनही हवं ते कापड मिळेना. अशा दिवसांत श्रीमंतांच्या घरीही जुन्या धोतराचे सदरे आणि सदऱ्यांची झबली झाली. गरज सगळ्यांनाच होती, म्हणून लाज कुणालाच नव्हती.

या गोष्टीतलं आणखी एक महत्त्वाचं पात्र म्हणजे बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीला कपड्यांचं गाठोडं आणि दुपारच्या शांततेत तिची हाक. तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. जुने कपडे द्यायचे आणि भांडं घ्यायचं. स्टीलची भांडी घरोघर हवीशी झाली, तसा हा व्यवहार जोरात चालू लागला. मुंबई, अहमदाबाद, दिल्ली अशा शहरांत या कामात मूळच्या गुजरातेतल्या वाघरी समाजाच्या बायका मोठ्या संख्येने आहेत.

तिची नजर बघण्यासारखी असायची. साडी उजेडात धरायची, मधला पोत बोटांनी चाचपायचा, पँटची शिवण ओढून बघायची. जरीचा काठ असेल तर भाव वेगळा, कारण खऱ्या जरीत चांदी असते आणि ती जाळून चांदी काढणारे कारागीर असतात. पातेलं मोठं की डबा मोठा, यावर तासभर घासाघीस. आपल्या आया त्या दिवशी जिंकल्याच्या आनंदात असायच्या.

पण आपण एवढंच बघितलं. तिचं गाठोडं पुढे कुठे गेलं, हे कुणी बघितलं नाही. तिच्या घरी ते कपडे निवडले जायचे, धुतले जायचे, फाटलेलं शिवलं जायचं, बटणं लागायची, इस्त्री व्हायची. मग ते जुन्या बाजारात पुन्हा विक्रीला लागायचे. अगदीच गेलेलं कापड गॅरेज आणि छापखान्यात यंत्रं पुसायला जायचं. आपल्या आजीची दंड घालण्याची कला आपल्या घरातून निघून बोहारणीच्या घरी गेली, असं मला वाटतं. आपण देणाऱ्या झालो आणि हुशारी तिच्याकडे राहिली. तिच्या कामाला मात्र आपण कधी कला म्हटलं नाही.

आपल्या घरात हे का थांबलं? टेरिलीन, टेरिकॉट, पॉलिएस्टर आलं. ते विरत नाही, फाटत नाही आणि घामही शोषत नाही. त्याचं दुपटं होत नाही, त्याची गोधडी अंगावरून घसरते. यंत्रमागाची साडी इतकी स्वस्त झाली की दुरुस्तीला वेळ घालवणं वेडेपणाचं वाटू लागलं. कपाटं भरली. आणि ज्या दिवशी नवं घेणं सगळ्यांना परवडू लागलं, त्या दिवशी जुनं वापरणं ही गरिबीची खूण ठरली. ही लाज आपल्या परंपरेतून आलेली नाही. फार तर दोन पिढ्यांची आहे.

परदेशात याच काळात उलटं घडत होतं. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर ऑक्सफॅम या संस्थेने १९४० च्या दशकाच्या अखेरीस दान आलेल्या वस्तूंचं दुकान सुरू केलं. आज तिथे अशी दुकानं गावोगाव आहेत. लोक त्यात देतातही आणि हौसेने विकतही घेतात. आपल्याकडे दिल्लीत १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी 'गूंज' ही संस्था सुरू केली. गावातले लोक रस्ता, विहीर, बंधारा असं गावाचं काम करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घेतात. म्हणजे घेणारा हात पसरत नाही. जुन्या सुती कापडापासून मासिक पाळीसाठी पॅडही तिथे तयार होतात. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातही अनेक शहरांत माणुसकीची भिंत उभी राहिली. चांगला हेतू. पण अशा भिंतीशी कधी थांबून बघा. चेन तुटलेल्या पँट, डाग पडलेले ब्लाउज, एकेकटे मोजे. हे दान झालं की कपाटाची सफाई?

आता धर्माचं बघू. श्रावकाचं पाचवं अणुव्रत परिग्रह-परिमाण. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे अतिचार सांगताना शेत, घर, सोनं, धान्य यांच्याबरोबर 'कुप्य' हा शब्द येतो. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ सुती, रेशमी अशी वस्त्रं वगैरे असा दिला आहे. म्हणजे कापडाची मर्यादा हा व्रताचाच भाग आहे. आपण सोन्याची मर्यादा लिहून ठेवतो, साड्यांची कितीजणी ठेवतात? आपल्या आर्यिका माताजी सोळा हातांच्या एका पांढऱ्या साडीत राहतात. ते आपल्याला जमणार नाही. पण त्याग धर्माच्या दुसऱ्याच दिवशी आकिंचन्य धर्म येतो, ही रांग मला फार बोलकी वाटते. देऊन कपाट रिकामं करायचं आणि दिवाळीला पुन्हा भरायचं, यात त्याग दिसेल, आकिंचन्य दिसणार नाही.

मी स्वतः गेली काही वर्षं आठवडी बाजारातल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून खरेदी करते आणि त्यात मला फार मजा येते. काही नियम पाळते. पूजेचे आणि आहारदानाचे कपडे वेगळे, ते नवे आणि सुतीच. बाकीचं आणलं की आधी गरम पाण्यात धुवायचं आणि उन्हात वाळवायचं. रेशमाची शंका आली तर कडेचा एक दोरा जाळून बघायचा. केस जळल्याचा वास आला तर रेशीम किंवा लोकर, कागद जळल्याचा आला तर सूत. शिंपल्याची बटणं असतील तर काढून साधी लावायची. बगल, कॉलर आणि मांडीजवळची शिवण उजेडात धरून बघायची, अगदी बोहारणीसारखी.

साठ रुपयांच्या पुरुषी सुती शर्टातून नातीचा फ्रॉक झाला. शर्टाची बटणपट्टी तशीच पाठीमागे ठेवली, काजं करायचा त्रास वाचला. विरलेल्या सुती साडीचे काठ काढून साध्या कुर्त्याच्या बाहीला लावले. एका मोठ्या घेराच्या अनारकलीतून दोन उशांचे अभ्रे आणि देवघराचा पडदा निघाला. एखादी शिवण उसवताना आत मूळ रंग ताजा सापडतो, तेव्हा कुणीतरी आपल्यासाठीच जपून ठेवल्यासारखं वाटतं.

म्हणून आमच्या मंडळापुढे मी दोन गोष्टी मांडल्या. एक, जो कपडा आपण स्वतः घालणार नाही, तो टेबलावर मांडायचा नाही. चेन बसवायची, बटण लावायचं, डाग काढायचा, मगच द्यायचा. दोन, आपल्यातल्या प्रत्येकीने निदान एक कपडा तिथून विकत घ्यायचा आणि तो घालून मंडळात यायचं. आपण फक्त देणाऱ्या राहिलो, तर घेणारीला आपण न बोलता खालचं ठरवतो. त्याच टेबलावरून आपणही घेतलं, तर ती आपल्या शेजारी उभी राहते.

कुणाकडे दंड घातलेलं लुगडं अजून जपलेलं असेल, तर जोडाचा फोटो नक्की पाठवा. तो टाका कसा घालायचा हे सांगणारी एखादी आजी घरात असेल, तर आजच विचारून घ्या.