हातजाळी आणि नदी

गळाला मासा लागला म्हणजे निम्मंच काम झालं. पाण्यात मासा हलका असतो. वर उचलला की त्याचा सगळा भार दोऱ्यावर येतो, मग ओठ फाटतो नाहीतर दोरा तुटतो. म्हणून खालून धरायला दांड्याची हातजाळी पाहिजे. आमच्या भीमाकाठी ही जाळी कशी बदलत गेली ते पाहिलं, तर नदी कशी बदलली ते आपोआप कळतं.

धरणाआधीची भीमा वाहती होती. डोहात वाम, मरळ, शिंगाडा असायचे. मोठ्या खवल्यांचा मासाही या खोऱ्यातलाच. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली दख्खनच्या माशांची माहिती छापली. भीमेला येऊन मिळणाऱ्या मुळा-मुठेतल्या या माशाला त्यानं शास्त्रातलं नाव दिलं, तेही आपल्याकडचंच, ‘खुद्री’.

त्या काळची जाळी सुताची, नाहीतर तागाची. ओली ठेवली की कुजायची, म्हणून रोज वाळवावी लागे. आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, बोटं घालून मोजायचे. जाड सुताचं बारीक जाळं पाण्यात जड जातं, पटकन उचलत नाही. त्यामुळं वामीसारख्या निसटत्या माशापुरतीच बारीक आस, एरवी डोळा मोठा. पिल्लं आपोआप सुटायची. कुणी दया केली असं नाही, सुताचाच तो गुण होता.

मग नायलॉन आलं. १९३५ साली अमेरिकेत लागलेला हा शोध गावच्या बाजारात पोचायला बरीच वर्षं गेली. ते कुजेना, भिजून फुगेना. धागा इतका बारीक की हवी तेवढी बारीक आस विणता येऊ लागली. तिथंच पिल्लांची वाट बंद झाली.

१९८० साली उजनीचं धरण पुरं झालं. वाहतं पाणी थांबलं अन् गळाला लागणारा मासाही बदलला. १९५७ साली कटकला इंजेक्शन देऊन माशांची पैदास करण्याचा प्रयोग यशस्वी झाला होता. त्यामुळं रोहू, कटल्याचं बीज तयार करून धरणात सोडता येऊ लागलं. थोराड डोक्याच्या कटल्याला जुन्या जाळीचं तोंड पुरेना. चिलापी तर परदेशातली, भारतात १९५२ ला आणलेली. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते. जाळीत घेतली की कधीकधी अंडी ओकते.

आता जाळी घ्यायची तर आधी मासा कोणता ते ठरवा. तोंड मोठ्या माशाच्या मापाचं हवं अन् पिशवी कोपरभर खोल. धागा मऊ, जाडसर घ्या. बारीक कडक धाग्यानं अंगावरचा बुळबुळीतपणा खरवडला जातो, मग सोडलेला मासाही जगेलच असं नाही. शिंगाड्याचा करवती काटा तर असल्या धाग्यात हमखास अडकतो. जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरा, अन् मासा डोक्याकडून तिच्यावर आणा. शेपटीमागं जाळी घेऊन धावू नका.

अन् आस बघून घ्या. पूर्वी पिल्लं सुतानं सोडली, आता ती आपण सोडायची. धरणात बीज विकत आणून टाकता येतं. वामीचं, शिंगाड्याचं बीज नदीनंच द्यायचं असतं.