ओळख आणि हमी



समाजमाध्यमे हा शब्द आता खेड्यापाड्यांतही रूढ झाला आहे. सोलापूर-तुळजापूर मार्गावरील आमच्या तामलवाडीतही सोयाबीनचे भाव, नोकरीची जाहिरात आणि सोयरिकीची बोलणी भ्रमणध्वनीवरूनच फिरत असतात. ओळखी जोडण्याची ही विद्या अगदी नवी आहे, असा पुष्कळांचा समज दिसतो. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. ओळखीचे जाळे पुरातन आहे; बदलले आहे ते केवळ वाहन. परंतु वाहन बदलताना एक मोलाची वस्तू मागे राहून गेली. ती कोणती, हेच आज पाहावयाचे आहे.

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळ्या घ्या. यात्रेकरूने आडनाव व मूळ गाव सांगितले, की उपाध्याय आपली चोपडी काढतो, आणि त्याचे आजे-पणजे पूर्वी येऊन गेल्याची नोंद त्यास दाखवितो. दूरदेशी गेलेल्या कुळांनाही आपले भाऊबंद अशा नोंदींतून सापडत.

व्यापारातील हुंडी याहून बोलकी आहे. तिचा शहाजोग नावाचा एक प्रकार होता. तिचे पैसे कोणाही आगंतुकाच्या हाती पडत नसत. पेठेत ज्याची पत आहे अशा शहामार्फतच ती वटे. पुढे हुंडी बनावट निघाली, तर घेतलेली रक्कम परत करण्याचा भार त्या शहावर येई. शेकडो कोसांवरील अपरिचित माणसे एकमेकांशी निर्धास्त व्यवहार करीत, ते या हमीच्या बळावर.

पुढे इंग्रजी मुलखात १८५४ साली अंतर कितीही असो, हलक्या पत्रास अर्धा आणा, असा दर ठरला. १८७९ साली एका पैशाचे पोस्टकार्ड निघाले. परगावी गेलेल्या गरीब माणसाचाही घराशी संबंध त्यामुळे टिकू लागला. १८७७ साली सोलापुरात कापडाची पहिली गिरणी उभी राहिली. गिरणीत काम मिळे ते बहुधा जॉबरच्या ओळखीने. नव्या माणसाबद्दल जॉबर जबाबदार असे. पण त्या जबाबदारीच्या जोरावर तो दस्तुरीही उकळी. ज्याचा गाववाला वा जातवाला आत नाही, त्यास दार बंदच. तात्पर्य, जुन्या ओळखीत हमी होती, तशी अडवणूकही होती.

नव्या माध्यमांनी ही अडवणूक पुष्कळ मोडली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. लिंक्डइन २००३ साली, फेसबुक २००४ साली आणि व्हॉट्सॲप २००९ साली निघाले. आज खेड्यातील पदवीधर आपली माहिती थेट दूरच्या कारखान्यापुढे ठेवू शकतो. त्यास मध्यस्थाची मनधरणी करावी लागत नाही. मात्र मध्यस्थ गेला, त्याच्याबरोबर जामीनही गेला. निरोप येतो, पण तो प्रथम कोणी धाडला व खोटा ठरल्यास जाब कोणास विचारावा, हे समजत नाही.

याची किंमत किती भयंकर असू शकते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच निरपराध माणसे ठार मारली. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा भ्रमणध्वनीवरून पसरली होती. मारले गेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. त्यांतील बहुतेक मंगळवेढे तालुक्याचे. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरणे हाच ज्यांचा धर्म व चरितार्थ, त्यांना ओळखणारा त्या दिवशी कोणी निघाला नाही. आणि निनावी निरोपावर मात्र जमावाचा विश्वास बसला! त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास बंदी घातली. यंत्राला लगाम लागला. मनाला कोण लावणार?

जुना काळ परत आणावा, असे माझे म्हणणे नाही. तो येणार नाही, आणि त्यातील अडवणूक येऊही नये. परंतु शहाचा नियम आपणास आजही पाळता येईल. हुंडी हाती घेताना तो स्वतःस विचारी, ही खोटी निघाली तर भरपाई देण्याची माझी तयारी आहे काय? निरोप पुढे धाडताना, कोणाची शिफारस करताना, अपरिचिताशी व्यवहार ठरविताना हाच प्रश्न आपण स्वतःस विचारावा. उत्तर नकारार्थी आले, तर हात आवरावा. ओळखी शेकडो असोत. ज्यांना आपण जामीन राहू, तेवढ्याच खऱ्या.