‘डर्टी रॉटन स्काउंड्रल्स’विषयी तळटीप

* लेखकाने येथे उल्लेखिलेला हा चित्रपट (१९८८, दिग्दर्शक फ्रँक ऑझ) ‘बेडटाइम स्टोरी’चा (१९६४) रिमेक आहे. फ्रान्सच्या रिव्हिएरा किनाऱ्यावर श्रीमंत बायकांना गंडवणारे दोन भामटे, एक खानदानी रुबाबाचा, दुसरा उडाणटप्पू, एका तरुणीवरून पैज लावतात. हरेल त्याने गाव सोडायचे. मूळ चित्रपटात डेव्हिड निव्हन आणि मार्लन ब्रँडो होते, रिमेकमध्ये मायकेल केन आणि स्टीव्ह मार्टिन. चाकाच्या खुर्चीतल्या अपंग जवानाचे सोंगही दोन्हींत आहे. शेवट मात्र पार वेगळा. १९६४ मधली तरुणी खरोखरच भोळी निघते आणि ब्रँडोचा भामटा तिच्याशी लग्न करतो. डेल लॉनर यांनी पुनर्लेखन करताना तिलाच (ग्लेन हेडली) दोघांहून सवाई ठग केले. या एका बदलाने आधीच्या तिच्या प्रत्येक प्रसंगाला दुसरा अर्थ येतो, आणि इथेच रिमेक मूळ कृतीच्या पुढे जातो, असे आमचे ठाम मत आहे. याच कथेवरच्या ‘द हसल’मध्ये (२०१९) भामटे स्त्रिया आहेत, सावज पुरुष, कलाटणी तीच. वाचकांनी १९६४ चा चित्रपट आधी पाहावा, १९८८ चा नंतर.