खासगी दवाखाने व शुश्रूषागृहे : नियमन (महाराष्ट्र)

एखाद्या डॉक्टरने, डॉक्टर दांपत्याने किंवा दोन-तीन भागीदारांनी चालवलेला दवाखाना, प्रसूतिगृह अथवा लहान रुग्णालय यांच्यावरील शासकीय व व्यावसायिक नियंत्रण. महाराष्ट्रात यासाठी एकच एक कायदा नाही. नियमांचा एक गट खाटांना लागू होतो, दुसरा यंत्रांना, तिसरा कचऱ्याला आणि चौथा डॉक्टरच्या पदवीला. प्रत्यक्ष उपचार योग्य झाला की नाही, हे यांपैकी कोणत्याही यंत्रणेच्या नेहमीच्या तपासणीत पाहिले जात नाही. तो प्रश्न तक्रार झाल्यावरच पुढे येतो.

शुश्रूषागृह नोंदणी. मूळ कायदा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९. त्यातील अनेक तरतुदी ब्रिटनमधील १९२७ च्या याच विषयावरील कायद्याशी जुळतात. आता त्याच्या नावात ‘महाराष्ट्र’ आले असले, तरी डॉक्टरांच्या बोलण्यात तो अजून ‘बॉम्बे नर्सिंग’च आहे. आजारी, जखमी वा दुर्बल व्यक्तींना दाखल करून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा केली जाते ती जागा म्हणजे शुश्रूषागृह; प्रसूतिगृहही त्यात येते. म्हणजे नोंदणीची अट रुग्ण दाखल करून घेण्याशी निगडित आहे. केवळ तपासून औषध देणारा, खाट नसलेला दवाखाना या कायद्याबाहेर राहतो, आणि राज्यातील बहुसंख्य रुग्णांची पहिली भेट अशाच दवाखान्यात होते. सलाइन लावण्यापुरते दोन तास आडवे करणे म्हणजे ‘दाखल करणे’ काय, यावर व्यवहारात एकवाक्यता नाही.

महानगरपालिका क्षेत्रात आरोग्य अधिकारी आणि इतरत्र मुख्यतः जिल्हा शल्यचिकित्सक (लोकांच्या भाषेत सिव्हिल सर्जन) नोंदणी करतात. अर्ज नमुना ‘ब’मध्ये, प्रमाणपत्र नमुना ‘क’मध्ये. त्याची मुदत तीन वर्षांची असते आणि ती ३१ मार्चला संपते. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये या कार्यालयांत फायलींची गर्दी होते. जागा अयोग्य असेल किंवा पात्र परिचारिकांचे ‘योग्य प्रमाण’ नसेल, तर नोंदणी नाकारता येते. हे प्रमाण किती, ते मूळ कायद्याने सांगितले नव्हते. दंडाची मूळ रक्कम आज हास्यास्पद वाटावी इतकी कमी होती; २००५ च्या दुरुस्तीने ती वाढवली.

कायदा झाल्यावर कित्येक दशके त्याची अंमलबजावणी नाममात्र होती. १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेल्या एका याचिकेनंतर मुंबई महापालिकेला या कायद्याकडे गांभीर्याने पाहावे लागले. नव्वदच्या दशकात ‘सेहत’ या संशोधनसंस्थेने सातारा जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांची पाहणी केली. तीत अपुऱ्या जागा, तुटपुंज्या नोंदी आणि पात्र परिचारिकांचा अभाव आढळला. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथील बेकायदा गर्भपातांचे प्रकरण उघडकीस आल्यावर राज्यभर खासगी रुग्णालयांच्या तपासणीची मोहीम निघाली. मोहिमा अशा घटनेमागोमाग निघतात. एरवी तपासणीचा जोर बेताचाच असतो.

२०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद व प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणे आणि तक्रार निवारणाची सोय ठेवणे बंधनकारक केले. दर जाहीर करायचे आहेत; ते किती असावेत यावर बंधन नाही.

केंद्रीय कायदा. वैद्यकीय आस्थापना (नोंदणी व विनियमन) अधिनियम, २०१० हा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्याच्या स्वतंत्र कायद्याचा २०१४ मधील मसुदाही कायद्यापर्यंत पोहोचला नाही. निकषांचा खर्च लहान रुग्णालयांना झेपणार नाही व ‘इन्स्पेक्टर राज’ येईल, असे डॉक्टरांच्या संघटनांचे म्हणणे. रुग्णहक्क व दरनियंत्रण यांशिवाय कायदा निरुपयोगी, असे जन आरोग्य अभियानासारख्या गटांचे.

सोनोग्राफी. कागदाच्या बाबतीत सर्वांत कडक कायदा गर्भलिंगनिदानाविरुद्धचा. असा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ चा कायदा १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला व २००३ मध्ये अधिक व्यापक झाला. सोनोग्राफी केंद्राची नोंदणी पाच वर्षांची. येथे लिंगनिदान केले जात नाही, अशी पाटी इंग्रजीत व स्थानिक भाषेत लावावी लागते. प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीसाठी नमुना ‘एफ’ भरायचा : वय, पत्ता, पतीचे वा वडिलांचे नाव, आधीची मुले व त्यांचे लिंग, कोणी पाठवले, गर्भ किती आठवड्यांचा, छापील २३ कारणांपैकी तपासणीचे कारण कोणते, निष्कर्ष काय, शेवटी गर्भवतीचे आणि डॉक्टरचे स्वतंत्र प्रतिज्ञापत्र. मागील महिन्याचा अहवाल ५ तारखेपर्यंत सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. नोंदी किमान दोन वर्षे आणि खटला चालू असल्यास निकालापर्यंत जपायच्या.

नोंदीतील त्रुटी हा कारकुनी दोष की गुन्हा, हा या कायद्यातील सर्वांत मोठा वाद. एखादा रकाना मोकळा राहिला म्हणून यंत्र मोहोरबंद झाल्याच्या तक्रारी स्त्रीरोगतज्ज्ञांनी वारंवार केल्या. त्यांच्या राष्ट्रीय महासंघाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०१९ रोजी फेटाळली आणि त्रुटी म्हणजे कायद्याचे उल्लंघन, ही तरतूद कायम ठेवली. लिंगनिदानाचा पुरावा कागदाशिवाय क्वचितच उरतो, हे लक्षात घेता निकाल तर्काला धरून आहे. त्याचा जाच मात्र प्रामाणिक डॉक्टरलाही होतो.

कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या कारकिर्दीत सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे तपासणीची नोंद साठवणारे उपकरण जोडण्यात आले. रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा घेऊन क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना न्यायालयात गेली. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उपकरण वैध ठरवले. त्याचा जन्मावेळच्या लिंगगुणोत्तरावर नेमका किती परिणाम झाला, यावर मतभेद आहेत. देशमुख यांनी याच विषयावर ‘सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी’ हा कथासंग्रह लिहिला.

जैववैद्यकीय कचरा. खाट असो वा नसो, प्रत्येक दवाखान्याला लागू होणारे हे नियम (१९९८, सुधारित २०१६). प्राधिकार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. खाट नसलेल्या दवाखान्याला तो एकदाच घ्यावा लागतो. रक्ताळलेले बोळे, बँडेज, कापलेले प्लास्टर, वार पिवळ्या पिशवीत. सलाइनच्या नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत. सुया व ब्लेड भोसकले न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या व अँप्यूल निळ्या खुणेच्या खोक्यात. वापरलेली सुई पुन्हा टोपणात घालण्याची जुनी सवय कंपाउंडरच्या बोटांना सर्वांत महाग पडते; सुई टेबलावरच्या कटरमध्ये तोडली की हात लावायचा प्रश्न उरत नाही. पिशव्यांवर बारकोड हवा, प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून अधिक ठेवायचा नाही, कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस-बी व धनुर्वाताची लस द्यायची, वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत. ७५ किमीच्या आत सामायिक प्रक्रियाकेंद्र असल्यास स्वतःची भट्टी उभारता येत नाही. शहरात बायोमेडिकलची गाडी नियमित फिरते. दुर्गम तालुक्यातील एकट्या दवाखान्यापर्यंत ती कितीदा पोहोचते, यावरच ४८ तासांच्या नियमाचे भवितव्य ठरते.

डॉक्टरची नोंदणी. ॲलोपॅथीसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद (अधिनियम १९६५). नूतनीकरण दर पाच वर्षांनी. त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० श्रेयांक. २००२ च्या आचारसंहितेनुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात व चिठ्ठीवर हवा, आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवायच्या व मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या. राष्ट्रीय वैद्यक आयोगाची ऑगस्ट २०२३ मधील नवी संहिता त्याच महिन्यात स्थगित झाली. आयुर्वेद व होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. होमिओपॅथांना आधुनिक औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमानंतर ॲलोपॅथीची औषधे देऊ देण्याचा प्रश्न वादग्रस्त आहे.

दायित्व. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. फौजदारी निष्काळजीपणाच्या कसोट्या जेकब मॅथ्यू निकालाने (२००५) घालून दिल्या.

अग्निसुरक्षा. २००६ चा राज्य अधिनियम. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत. भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीनंतर (९ जानेवारी २०२१, दहा नवजात बालकांचा मृत्यू) तपासण्यांचा रोख खासगी शुश्रूषागृहांकडेही वळला.

क्ष-किरण. परवाना अणुऊर्जा नियामक मंडळाचा.

ऐच्छिक मानांकन. ५० खाटांपर्यंतच्या रुग्णालयांसाठी ‘एनएबीएच’ या मानांकन मंडळाचे स्वतंत्र निकष आहेत. प्रसूतिगृहांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ महासंघाचा ‘मान्यता’ उपक्रम १६ निकषांवर चालतो. प्रसूतीपूर्व तपासणीपासून प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावापर्यंत प्रत्यक्ष उपचाराची पद्धत त्यात पाहिली जाते. वर दिलेल्या सक्तीच्या कायद्यांत तिला जागा नाही.