तीनशेला एक

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी मित्रमंडळींच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो, होम इन्स्पेक्शनचा रिपोर्ट. त्यात बऱ्याचदा एक ओळ असते : बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन ॲटिकमध्ये सोडलेला आहे, तो बाहेर काढावा. वाचणाऱ्याला वाटतं, असेल काहीतरी किरकोळ. प्रत्यक्षात या ओळीच्या मागे ऐंशी-नव्वद वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या धंद्यातल्या लोकांना ओळखीचं वाटेल असं एक पात्र आहे... कोडमध्ये कुणीतरी टाकून ठेवलेला मॅजिक नंबर!

आधी ॲटिक म्हणजे काय ते बघू. उतरतं छप्पर आणि खालच्या खोल्यांचं सीलिंग यांच्यामधली पोकळ जागा, म्हणजे आपला माळा. कोकणातल्या कौलारू घरात हा माळा आपोआप हवेशीर असतो, कारण कौलांच्या फटींतून वारा खेळतो. अमेरिकन घरात मात्र छपराला लाकडी फळ्या किंवा प्लायवूड, आणि त्यावर डांबरी शिंगल्स. हवा जायला वाट ठेवली तरच वाट.

१९३० पूर्वी याचं कुणाला फारसं पडलं नव्हतं. घरं फटींनी भरलेली असत. शेगडीची ऊब सीलिंगमधून वर जायची, छपराच्या फळ्या कोमट राहायच्या, ओल टिकायची नाही. मग भिंतींत आणि माळ्यावर इन्सुलेशन भरायची टूम निघाली. घर उबदार झालं, इंधन वाचलं, पण ऊब खालीच अडल्यामुळे छपराच्या फळ्या गारठल्या. स्वयंपाकाची, आंघोळीची, श्वासाची वाफ मात्र फटींतून वर जातच राहिली. थंड लाकडाला लागली की तिचं पाणी, आणि मिनेसोटासारख्या ठिकाणी थेट बर्फ. बाहेरच्या भिंतींचा रंग सोलून निघायला लागला. रंगारी म्हणायचे दोष इन्सुलेशनचा, आणि काहीजण तर इन्सुलेशन घातलेलं घर रंगवायलाच नकार द्यायचे.

यावर अभ्यास सुरू झाला. मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीत टीझडेल यांनी १९३७ मध्ये भिंती आणि ॲटिकमधल्या ओलीवर लिहिलं. १९३८ मध्ये आर्किटेक्चरल रेकॉर्डमध्ये टायलर रॉजर्स यांचा लेख आला. मिनेसोटा विद्यापीठातले प्राध्यापक फ्रँक रौली यांनी थंड खोलीत छोट्या प्रतिकृती ठेवून प्रयोग केले. त्यांचा निष्कर्ष ढोबळमानाने असा होता की वाफ आतल्या बाजूलाच अडवा, आणि माळ्याला बाहेरची हवा लागू द्या. इथपर्यंत सगळं ठीक.

आता पुढचं बघा. जानेवारी १९४२. फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे १९३४ साली स्थापन झालेलं, गृहकर्जांना विमा देणारं सरकारी खातं. त्यांच्या बांधकामाच्या किमान अटींत एक आकडा आला : माळ्याच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या १/३०० इतकं मोकळं झरोक्याचं तोंड हवं. म्हणजे १२०० चौरस फुटांच्या माळ्याला ४ चौरस फूट. का ३००? २०० का नाही? ५०० का नाही? कागदात कारण दिलेलं नाही, कुठल्या प्रयोगाचा हवाला नाही. कॉमेंट न लिहिता हार्डकोड केलेला कॉन्स्टंट म्हणा ना. आणि कर्जाला विमा हवा तर अट पाळायला हवी, त्यामुळे बिल्डर मंडळींनी तो निमूट पाळला. तिथून तो एकामागून एक बिल्डिंग कोडमध्ये कॉपी-पेस्ट होत गेला. इलिनॉय विद्यापीठातले विल्यम रोझ यांनी १९९० च्या दशकात हा माग काढत मुळापर्यंत जाऊन बघितलं, तेव्हा मुळाशी फारसं काही सापडलं नाही. आजही अमेरिकन कोडमध्ये मूळ प्रमाण १/१५० आणि काही अटी पाळल्या तर १/३०० असं आहे.

आकडा चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. बऱ्याच घरांत तो चालून जातो. माझी तक्रार वेगळी आहे. त्या आकड्यामुळे एक समजूत रुजली की माळ्याला झरोके आहेत ना, मग वर काहीही जाऊ दे, वारा बघून घेईल. बाथरूमचे पंखे याच समजुतीचे बळी. खिडकी नसलेल्या बाथरूम वाढल्या तसे सीलिंगमध्ये पंखे आले, आणि छपराला भोक पाडायचा कंटाळा म्हणून कित्येक ठिकाणी त्यांची नळी माळ्यावरच सोडून दिली गेली. कुणी फार विचार केलाच तर वळचणीच्या झरोक्याजवळ नेऊन ठेवली. गंमत अशी की वळचणीचे झरोके हवा आत घेण्यासाठी असतात. गरम दमट हवा वर चढते आणि त्याच झरोक्यांतून परत माळ्यात शिरते. म्हणजे बाहेर टाकलेला कचरा आपल्याच दारातून परत घरात!

चार जणांचं कुटुंब, रोज सकाळी चार गरम शॉवर, बाहेर उणे दहा. ती सगळी वाफ एका नळीतून प्लायवूडच्या एकाच पट्ट्यावर आदळते. आधी हिमाचा पांढरा थर, ऊन पडलं की तो वितळून सीलिंगवर पिवळे डाग, मग काळी बुरशी. मालक छप्पर गळतंय म्हणून रूफरला बोलावतो, तो शिंगल्स बदलून पैसे घेऊन जातो, आणि पुढच्या जानेवारीत डाग हजर. काहीजण माळ्यावर मोटरचा मोठा पंखा बसवतात. तो तर सीलिंगच्या फटींतून घरातलीच उबदार दमट हवा वर खेचू शकतो, म्हणजे आगीत तेल.

नंतरच्या संशोधनाचा रोख याच फटींकडे आहे. सीलिंगमधल्या दिव्यांभोवतीच्या, पाइपांभोवतीच्या फटी बुजवा आणि पंख्याची हवा थेट घराबाहेर काढा, मग झरोक्यांचं गणित थोडं इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही. २००६ च्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडने तर काही अटींवर अजिबात झरोके नसलेल्या माळ्यालाही परवानगी दिली. (ज्या झरोक्यांसाठी कर्ज अडत होतं, ते आता ऐच्छिक :-)) पंख्याच्या बाबतीत मात्र हाच कोड सूट देत नाही. बाथरूमची हवा बाहेर, माळ्यात नाही.

तेव्हा कुणी घर बघायला जाणार असाल तर किचनचं ग्रॅनाइट नंतर बघा. आधी टॉर्च घेऊन माळ्यावर चढा आणि पंख्याच्या नळीचं दुसरं टोक शोधा. ती गुळगुळीत आणि जमेल तितकी आखूड हवी, थंड प्रदेशात तिच्याभोवती इन्सुलेशन हवं, नाहीतर वाफेचं नळीतच पाणी होऊन ते पंख्यातून खाली ठिबकतं. आणि ती छपरातून किंवा भिंतीतून पार बाहेर निघालेली हवी, टोकाला झडप असलेली टोपी लावून. नळी इन्सुलेशनच्या गादीत कुठेतरी गडप होत असेल, तर वरच्या फळ्यांवर टॉर्च मारून बघा. लाकूड काळवंडलेलं असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागायला हरकत नाही.