इतवारीचा उधारी हिशेब गूगल शीटमध्ये : मोबाईलवर बटण चालत नाही, टिक मात्र चालते

इतवारी, नागपूर : कुही, उमरेड, मौदा भागातले किराणा दुकानदार माल भरायला इतवारीत, मस्कासाथला येतात. थोडे पैसे रोख, बाकी उधार. वहीत लिहिलेलं असतं, पण ‘ते बिल तर मागच्याच खेपेला दिलं होतं’ हा वाद काही सुटत नाही. म्हणून आता बरेच जण फोनवरच्या गूगल शीटमध्ये हिशेब ठेवतात. त्यात थोडा कोड टाकला, तर पैसे दिल्याची टिक करताच तारीख आपोआप पडते.

आधी एक गोष्ट समजून घ्या. युट्यूबवरच्या बहुतेक व्हिडीओत शीटवर रंगीत बटण काढून त्याला कोड जोडायला शिकवतात. कॉम्प्युटरवर ते झकास चालतं, पण शीट्सच्या मोबाईल ॲपमध्ये ते बटण दाबून काहीच होत नाही. कोडने बनवलेला मेनू तर फोनवर दिसतही नाही. टिकचा चौकोन आणि ड्रॉपडाऊन मात्र फोनवरही चालतात. म्हणजे आपल्यासाठी टिक हेच बटण.

रकाने असे ठेवा : ए मध्ये बिलाची तारीख, बी व्यापारी, सी माल, डी रक्कम, ई ‘दिले’, एफ ‘कधी दिले’.

कोड लिहायला एकदा तरी कॉम्प्युटर लागेल. फोनच्या ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट करून जमतं, पण फार किचकट आहे. तालुक्याला कॉम्प्युटरवाल्याकडे अर्ध्या तासाचं काम. शीट उघडून एक्स्टेन्शन्समधून ‘ॲप्स स्क्रिप्ट’मध्ये जायचं. कोड इंग्रजी अक्षरांतच लिहावा लागतो, इथे फक्त नावं सांगतो. ई रकान्याच्या २ ते २०० ओळींवर ‘इन्सर्ट चेकबॉक्सेस’ चालवलं की चौकोन येतात. बी रकान्यात ‘न्यू डेटा व्हॅलिडेशन’ आणि ‘रिक्वायर व्हॅल्यू इन लिस्ट’ वापरून व्यापाऱ्यांची यादी द्या. हे टाळू नका. एकच नाव तीन तऱ्हेने लिहिलं गेलं, की त्याची बाकी तीन जागी विभागली जाते.

खरं काम ‘ऑनएडिट’ नावाच्या फंक्शनचं. शीटमध्ये कोणी हाताने काही बदललं की ते स्वतःहून चालतं. त्यात एवढंच सांगायचं : बदल ई रकान्यात आहे का, चौकोनात टिक आहे का आणि शेजारचा एफ रिकामा आहे का? तिन्हीला हो असेल तर एफमध्ये आजची तारीख टाक. रिकामा असण्याची अट महत्त्वाची आहे. चुकून टिक निघाली आणि परत लावली, तरी पहिली तारीख पुसली जात नाही. नाव लिहिताना ‘ऑन’चा ओ लहान आणि ‘एडिट’चा ई कॅपिटलच हवा, नाही तर कोड चूकही दाखवत नाही, नुसता गप्प बसतो.

बाकी किती, हे बघायला कोड नको. ‘सम-इफ’ सूत्राने टिक नसलेल्या ओळींच्या रकमांची बेरीज घ्या. टिक केली की आकडा तिथल्या तिथे उतरतो.

फाइलच्या सेटिंग्जमध्ये टाइम झोन भारताचा आहे ना, तेही बघा. परदेशी राहिला तर तारीख एका दिवसाने चुकू शकते. कोड फोनमध्ये नाही, गूगलच्या सर्व्हरवर चालतो. त्यामुळे नेट नसताना टिक केली तर तारीख लगेच पडणार नाही. रेंज आल्यावर ओळ तपासून घ्या.

दुकानात मुलगा किंवा नोकरही शीट वापरत असेल, तर एफ रकाना लॉक करावासा वाटेल. करा, पण साधं ‘ऑनएडिट’ टिक करणाऱ्याच्याच अधिकारात चालतं. रकाना त्याला बंद, तर तारीखही पडत नाही. मग शीटमालकाने आपल्या खात्यातून ‘ट्रिगर्स’मध्ये जाऊन वेगळ्या नावाच्या फंक्शनला एडिटचा ट्रिगर लावायचा. तो मालकाच्या अधिकारात चालतो.

पहिल्यांदा चौकोनांचा कोड चालवताना गूगल परवानगी मागतं. स्वतः समोर बसून लिहून घेतलेला कोड असेल तर द्या. व्हॉट्सॲपवर आलेली ‘रेडीमेड खातेवही’ जीमेल किंवा ड्राइव्हची परवानगी मागत असेल, तर तिथेच थांबा. उधारीच्या हिशेबाला तुमची मेल वाचायची काही गरज नसते. आणि शीटची लिंक ‘कोणीही एडिट करू शकेल’ अशी कधीच ठेवू नका. व्यापाऱ्याला पाठवायची तर फक्त बघण्यापुरती पाठवा.